हतबलतेची कबुली आणि ईश्वराचा प्रश्न

दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी जगभर चालणाऱ्या स्वमदत गटांपैकी सर्वांत जास्त पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. महाराष्ट्रात त्याला सगळे ‘ए.ए.’ म्हणतात. त्याचा सारा कार्यक्रम बारा पायऱ्यांवर उभा आहे आणि त्यांतल्या पहिल्या तीन पायऱ्या थेट धर्मविचाराच्या प्रांतात शिरतात. दारूपुढे आपण हतबल झालो आणि आयुष्य आपल्या ताब्यात राहिले नाही, हे मान्य करणे ही पहिली. आपल्याहून मोठी अशी एखादी शक्ती आपल्याला ताळ्यावर आणू शकेल, असा विश्वास बसणे ही दुसरी. ज्याला जसा उमगला तशा ईश्वराच्या हाती आपली इच्छा आणि आपले आयुष्य सोपवायचे ठरवणे ही तिसरी. गटाच्या शोधात निघालेला माणूस पुष्कळदा इथेच अडखळतो. देव मानणाऱ्याला वाटते, इतकी वर्षे देवापुढे हात जोडूनच पीत आलो, आता आणखी काय करायचे राहिले? न मानणाऱ्याला वाटते, ही जागा आपली नाही. आणि दोघांच्याही घरच्यांना एक शंका छळत असते: ‘मी हतबल आहे’ म्हणायची सोय झाली, तर हा माणूस आपल्या करणीची जबाबदारी घेणार कधी?

हे प्रश्न ए.ए.पेक्षा फार जुने आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की मनात नसतानाही, कोणी बळेच ढकलावे तसा माणूस पापाकडे का ओढला जातो? कृष्ण उत्तरादाखल काम आणि क्रोध यांच्याकडे बोट दाखवतो. सॉक्रेटिसाचे म्हणणे असे होते, की चांगले काय ते ज्याला खरोखर कळले तो वाईट करणारच नाही. केले, तर त्याला ते कळलेच नव्हते. ॲरिस्टॉटलला हे पुरेसे वाटले नाही. आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात, सातव्या भागात, त्याने कळूनही न वळणाऱ्या माणसाचा विचार केला आणि त्याला झोपलेल्या, वेड लागलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाच्या रांगेत बसवले. अशा माणसाजवळ ज्ञान असते, पण नेमक्या घटकेला ते त्याच्या उपयोगी पडत नाही.

दारूड्याला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. रात्री मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारा बाप खोटे बोलत नसतो. त्या क्षणी ती शपथ शंभर टक्के खरी असते. सकाळी हात थरथरू लागतात, चहाचा कप ओठांपर्यंत नेता येत नाही, आणि उतारा म्हणून एवढा एकच घोट घेऊ असे मन म्हणू लागते. तो घोट पोटात गेला की पुढच्या घोटांबद्दल ठरवणारा माणूस रात्रीचा राहिलेला नसतो. घरच्यांना यात केवळ लबाडी दिसते. त्यांचा अनुभव तसाच असल्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण लबाडी एवढेच कारण मानले तर शपथा वाढत जातात आणि दारूही वाढत जाते.

वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न एकट्या नीतीच्या खात्यावर मांडलेला नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावतो आणि ती एकाएकी बंद झाली की उसळी घेतो. घाम सुटतो, झोप उडते, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर हे जिवावर बेतते. म्हणून रोज पिणाऱ्याने घरच्या घरी, केवळ निर्धाराच्या किंवा नवसाच्या बळावर दारू तोडू नये. आधी डॉक्टर, मग गट, हाच क्रम योग्य आहे. गटातले अनुभवी लोकही नवख्या माणसाची अवस्था पाहून त्याला आधी दवाखान्यात पोचवतात. शरीराची ही हतबलता उपचारांनी आठवड्याभरात बरीचशी ओसरते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो: शरीर स्वच्छ झालेला, शुद्धीवर असलेला, सगळे परिणाम ठाऊक असलेला माणूस महिन्याभराने पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर का दिसतो?

ए.ए.चा जन्म या प्रश्नातून झाला. अमेरिकेतल्या एका उद्योजक घराण्यातला रोलंड हॅझर्ड हा स्वित्झर्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडे उपचारांसाठी गेला होता. युंग यांनी त्याला सांगितले, की वैद्यकाकडे आता तुमच्यासाठी काही उरलेले नाही. क्वचित कोणाला मुळापासून हलवून सोडणारा आध्यात्मिक अनुभव येतो आणि तो वाचतो, तेवढीच आशा. हॅझर्ड पुढे ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीत गेला. पापांची कबुली, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई आणि ईश्वराला संपूर्ण शरणागती हा त्या चळवळीचा शिरस्ता होता. तिच्यातून हा निरोप एबी थॅचर या मित्रामार्फत न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काम करणाऱ्या बिल विल्सनपर्यंत 1934 च्या अखेरीस पोचला. त्या डिसेंबरात विल्सन रुग्णालयात असताना त्याला खोली प्रकाशाने भरून गेल्याचा आणि आपण मोकळे झाल्याचा अनुभव आला. आपल्याला वेड तर लागले नाही ना, असे त्याने डॉक्टर सिल्कवर्थ यांना विचारले. डॉक्टरांनी धीर दिला, की जे काही आहे ते पूर्वीपेक्षा बरे आहे, धरून ठेव. त्या उपचारांत बेलाडोना या वनस्पतीचे औषध वापरले जात होते आणि तिने भास होतात, हे पुढे अनेकांनी निदर्शनास आणले. ही शंका रास्त आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. विल्यम जेम्स यांनी 1902 च्या आपल्या धर्मानुभवावरील ग्रंथात अशा प्रसंगांसाठी जी कसोटी सुचवली, ती इथे उपयोगी पडते. अनुभवाचा उगम कुठे झाला यापेक्षा त्यातून माणसाच्या जगण्यात पुढे काय उगवले, हे पाहावे. विल्सनने हे पुस्तक त्याच रुग्णालयात वाचले.

पण या साऱ्या कथेत प्रकाशाच्या अनुभवाला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे देऊ नये. विल्सन बाहेर आला, भेटेल त्या दारूड्याला आपला साक्षात्कार सांगत सुटला, आणि काही महिन्यांत त्याच्या सांगण्याने एकाचीही दारू सुटली नाही. निर्णायक गोष्ट 1935 च्या मे महिन्यात ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी घडली. धंद्याचा एक व्यवहार फिसकटल्यामुळे विल्सन हॉटेलच्या दिवाणखान्यात हताश उभा होता. एका बाजूला बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला गावातल्या चर्चची यादी आणि टेलिफोन होता. त्याने टेलिफोन उचलला आणि आपल्याला एका दारूड्याशी बोलायचे आहे, असे सांगत एकेका पाद्र्याला गाठायला सुरुवात केली. त्यातून 12 मे रोजी त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. स्वतः डॉक्टर असल्यामुळे दारूच्या दुष्परिणामांवर त्यांना कोणी नवे सांगावे असे काही नव्हते. ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांनाही ते जात होते, म्हणजे ईश्वराबद्दलही ऐकून झाले होते. नवे होते ते एवढेच, की समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, उपकार करत नव्हता. आपण पुन्हा पिऊ नये म्हणून त्याला त्यांची गरज होती. डॉक्टर त्यानंतरही एकदा घसरले. शस्त्रक्रियेच्या दिवशी हात स्थिर राहावा म्हणून त्यांनी बिअरची एक बाटली घेतली आणि ती त्यांची शेवटची. 10 जून 1935 ही त्या दिवसाची तारीख ए.ए. आपला स्थापनादिन मानते.

या आरंभातच धर्मविषयक वादाचे उत्तर अर्धेअधिक दडलेले आहे. मोठ्या शक्तीची पहिली ओळख त्या दोघांना झाली ती एकमेकांच्या रूपाने. शास्त्र, उपदेश आणि प्रार्थना या तिन्ही गोष्टी डॉक्टरांपाशी आधीपासून होत्या. नव्हता तो आपल्यासारखाच गाळात रुतून बाहेर आलेला माणूस.

चळवळ वाढली तसा ईश्वराचा मुद्दा उघड झाला. 1938 च्या अखेरीस पायऱ्यांचा मसुदा तयार होत होता तेव्हा न्यूयॉर्कच्या गटात जिम बरवेलसारखे कडवे नास्तिक होते. मसुद्यात ईश्वर फार झाला, गुडघे टेकायची भाषा नको, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या टोकाला ख्रिस्ती सिद्धांत स्पष्ट लिहावेत म्हणणारेही होते. त्या भांडणातून ‘ज्याला जसा उमगला तसा’ ही जोड ईश्वराला मिळाली, गुडघे टेकणे गळाले, आणि एप्रिल 1939 मध्ये या पायऱ्या सांगणारे पुस्तक छापून आले. पुढे 1950 मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या, गटांनी कसे चालायचे हे सांगणाऱ्या बारा परंपरांपैकी तिसरीने दार आणखी उघडले: सदस्य होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा पुरेशी आहे. श्रद्धेची अट तिथे नाही, वर्गणीची नाही, आणि आज न पिता आलात का, हेही कोणी विचारत नाही.

भारतात ए.ए.ची सुरुवात 1957 मध्ये मुंबईतून झाली. आज महाराष्ट्रातल्या शहरांत आणि पुष्कळ तालुक्यांच्या गावी, तसेच गोव्यात गट चालतात. मराठीत, हिंदीत, कोंकणीत आणि इंग्रजीत. गट शोधणे अवघड राहिलेले नाही. व्यसनमुक्ती केंद्रे, सरकारी रुग्णालयांचे मनोविकार विभाग आणि चर्चचे सूचनाफलक यांवरून पत्ता मिळतो. केंद्र सरकारची 14446 ही मोफत दूरध्वनी सेवाही व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन करते. पुण्याच्या मुक्तांगण केंद्राने हा मार्ग मराठी घरांपर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने 1986 मध्ये ते सुरू केले, आणि तिथून घरी परतणाऱ्याला ‘आता गावातला गट धर’ असे सांगण्याची रीत पडली. केंद्रातला मुक्काम महिन्याभराचा असतो. त्यानंतरचे आयुष्य गावातच काढायचे असते.

मुंबईतल्या कितीतरी सभा महापालिकेच्या शाळांच्या वर्गांत भरतात. संध्याकाळ झालेली असते, फळ्यावर दुपारची भागाकाराची गणिते तशीच असतात, आणि तिसरी-चौथीतल्या मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसलेली असतात. टेबलावर एक कापड, त्यावर घोषवाक्यांच्या पाट्या, बाजूला चहाची किटली. काही सभा खुल्या असतात, त्यांना घरचे लोक किंवा कोणीही बसू शकते. काही फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. सुरुवातीला मिनिटभर शांतता, मग प्रास्ताविक वाचन, आणि मग एकेक जण उठतो, पहिले नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो, आणि सगळी खोली त्याला नावाने नमस्कार करते. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. थैली फिरते, तेव्हा नवख्याला काही न टाकण्याची सूचना असते. शेवटी सगळे उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात: बदलता येत नाही ते स्वीकारण्याचे मन मिळो, बदलता येते ते बदलण्याचे धैर्य मिळो आणि दोन्हींतला फरक कळो, असा तिचा आशय. ती अमेरिकी धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांच्या नावावर आहे, ए.ए.ने ती 1940 च्या दशकात उचलली.

नवखा माणूस पहिल्या दिवशी बहुधा मागच्या बाकावर दाराजवळ बसतो. त्याला बोलायची सक्ती नसते. तो ऐकतो ते असे: कोणी क्वार्टर संडासाच्या टाकीत लपवत होता, कोणी स्कूटरच्या डिकीत. कोणी पगाराच्या दिवशी दुसऱ्या गल्लीने घरी जात होता, कारण नेहमीच्या गल्लीत उधारीचा दुकानदार बसलेला असे. कोणी तोंडाचा वास जावा म्हणून बडीशेप चघळत दारात उभा राहत होता आणि बायको दार उघडण्याआधीच सगळे ओळखत होती. आपल्या एकट्याच्या म्हणून वर्षानुवर्षे दडवलेल्या या युक्त्या परका माणूस भर सभेत, हसत नाही आणि रडतही नाही अशा साध्या आवाजात सांगतो. आणि वर सांगतो, की याला आता सहा वर्षे झाली.

श्रद्धेची सुरुवात इथे होते. दुसऱ्या पायरीतला विश्वास नवख्याकडून प्रथम मागतो ते एवढेच: हा समोरचा माणूस खरे बोलतो आहे, हे मान्य कर. ईश्वराच्या अस्तित्वावरचा वाद त्या संध्याकाळी मिटवण्याची गरज नसते. हतबलतेच्या कबुलीचा अर्थही या खोलीत उलगडतो. आपल्या पिण्याच्या खटल्यात इतकी वर्षे आरोपी, वकील आणि न्यायाधीश माणूस स्वतःच होता, आणि निकाल दर वेळी ‘आजच्यापुरती’ असाच लागत होता. न्यायाधीशाची खुर्ची सोडणे, हीच ती शरणागती. ती कोणापुढे, या प्रश्नाला ए.ए.तले लोक निरनिराळी उत्तरे देतात आणि ती सगळी एका बाकावर शेजारी शेजारी बसतात.

देव मानणाऱ्यांना सोपे जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. महाराष्ट्रात दारू सोडण्याचा जुना धार्मिक मार्ग माळेचा आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांस सुटले, आणि माळ घालून पिणे हा विठोबाचा अपराध. या मार्गाने असंख्य घरे वाचली आहेत. गाडगेबाबांनी कीर्तनातून गावोगाव दारू सोडायला लावली, हेही सर्वश्रुत आहे. ज्यांना माळ पेलते त्यांना दुसऱ्या गटाची गरजही नाही. पण माळ हा जन्माचा संकल्प असतो. संकल्प मोडला की माळ काढून खुंटीला लागते, आणि माणूस देवाला व दिंडीला दोघांनाही तोंड चुकवू लागतो. ए.ए. जन्माचे वचन घेतच नाही. आजचा दिवस, फक्त चोवीस तास, पहिला घोट टाळायचा, उद्याचे उद्या. ज्याने शपथांचे डोंगर रचले आणि पाडले, त्याच्या हातून आणखी एक शपथ घेववण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे. शरणागतीची रीत वारकऱ्याला नवी नसते. त्याला नवे वाटते ते देवापुढे वाकण्याबरोबर शेजारच्या बाकावरच्या माणसापुढेही खरे बोलावे लागणे.

नवबौद्ध सदस्याची अडचण वेगळी आणि अधिक मूलभूत आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही मादक पदार्थ वर्ज्य करते. म्हणजे ध्येयाबद्दल वाद नाही. पण त्याच प्रतिज्ञा ईश्वर आणि अवतार नाकारतात. अशा माणसाने तिसरी पायरी कशी चढायची? त्याला ईश्वर मानायला लावणे म्हणजे त्याच्या मुक्तीच्या इतिहासालाच नकार देणे होय, आणि कोणत्याही गटाने तसे करू नये. सुदैवाने त्याच्या परंपरेत उत्तर आहे. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे त्याला परके नाही, आणि तिथे शरण जाणे म्हणजे सृष्टिकर्त्याची कृपा मागणे नव्हे. आपल्या लहरीपेक्षा मोठा असा एक नियम आहे, आणि त्या नियमाने चालणाऱ्यांची एक संगत आहे, हे मानणे दुसऱ्या पायरीला पुरते. अनेक नास्तिक सदस्य गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. यावर काही धर्मनिष्ठ लोक आक्षेप घेतात, की दहा दारूडे एकत्र आले म्हणून देव होत नाही. देव होत नाही हे खरेच. पण एकट्याला न जमलेली गोष्ट त्या दहांना दररोज जमते, आणि दुसरी पायरी तेवढेच म्हणते.

आता जबाबदारीचा प्रश्न. हतबलता ही पळवाट ठरेल ही भीती फक्त पहिली पायरी वाचणाऱ्याला वाटते. चौथ्या पायरीत आपल्या वागण्याचा निर्भीड झाडा घ्यायचा असतो, तोही वहीत लिहून. पाचवीत तो झाडा ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका जित्या माणसापुढे वाचायचा. आठवीत ज्यांचे नुकसान केले त्या सगळ्यांची यादी, आणि नववीत शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई. मात्र त्या भरपाईने त्या माणसाला किंवा आणखी कोणाला इजा होणार असेल तर थांबायचे. हा शेवटचा भाग नीतिशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आपले मन हलके व्हावे म्हणून जुने गुपित बायकोच्या पदरात टाकणे म्हणजे भरपाई नव्हे, हे तिथे ओळखलेले आहे. दहावी पायरी हाच हिशेब रोज चालू ठेवायला सांगते. पिण्यासाठी माणूस दोषी आहे का, हा वाद ए.ए. बाजूला ठेवते, पिण्यामुळे जे घडले त्याचा हिशेब मात्र पैपैसा मागते. एखाद्याला रोग जडला यात त्याचा दोष नसेल, तरी उपचार घेण्याची आणि ज्यांना त्याची झळ पोचली त्यांच्यापुढे उभे राहण्याची जबाबदारी त्याचीच राहते.

गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती सदस्याला पाचवी पायरी चर्चमधल्या पापनिवेदनासारखी वाटते, आणि ऑक्सफर्ड ग्रुपमधून ती आल्यामुळे नाते आहेच. फरक असा, की इथे ऐकणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार नाही. तो बहुधा स्पॉन्सर असतो, म्हणजे काही वर्षे न पिता राहिलेला आणि नवख्याचा हात धरून चालणारा सदस्य. तो ऐकतो, आणि पुष्कळदा आपलेही तसेच काही सांगतो. क्षमा मिळायची असेल तर ती ज्यांना इजा झाली त्यांच्याकडून, त्यांच्या सवडीने. आणि ती मिळेलच असे नाही. नवऱ्याने दारू सोडली म्हणून बायकोने मागचे सगळे विसरावे, अशी अपेक्षा आपल्याकडे फार सहज केली जाते. ती अन्यायाची आहे. बायकांचे आणि घरच्यांचे स्वतःचे गट आहेत: विल्सनची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये उभा केलेला अल-अनॉन, मुक्तांगणमधला सहचरी. तिथेही हतबलतेचीच कबुली आहे, पण दुसऱ्या अंगाने: नवऱ्याची दारू आपण आणली नाही आणि आपल्याला ती थांबवताही येणार नाही. बाटल्या मोजण्यात आणि पाकीट तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईला या वाक्याने केवढा मोकळा श्वास मिळतो, हे तिथे बसल्यावरच कळते.

ए.ए. स्वतःला आध्यात्मिक म्हणवते आणि धार्मिक नाही असे सांगते. स्वेच्छेने येणाऱ्याला हा भेद पुरेसा आहे. सक्ती आली की तो टिकत नाही. अमेरिकेत 1996 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निरीश्वरवादी कैद्याच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की सवलतीच्या बदल्यात अशा सभेला जाण्याची अट घालणे म्हणजे सरकारने धर्म लादणे होय. 2007 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने हवाईतल्या एका बौद्ध माणसाच्या बाजूने असाच निकाल दिला; बारा पायऱ्यांचा कार्यक्रम नाकारल्यामुळे त्याला परत तुरुंगात धाडले गेले होते. हे निकाल योग्यच आहेत आणि ए.ए.च्या स्वतःच्या वृत्तीशीही जुळणारे आहेत. शरणागती हुकमाने घडवता येत नाही. आपल्याकडे ही सक्ती न्यायालयापेक्षा घरातून आणि नोकरीच्या ठिकाणाहून होते. पहिल्या सभेपर्यंत ओढून नेणे एक वेळ समजू शकते. देव मान म्हणून दटावणे समजण्यासारखे नाही.

ज्यांना ईश्वराचा उल्लेखही सोसत नाही त्यांच्यासाठी वाटा आहेत. शिकागोत 1975 पासून निरीश्वरवाद्यांचे ए.ए. गट चालत आले आहेत. 1994 पासून स्मार्ट रिकव्हरी ही पूर्णपणे विवेकाधारित पद्धत चालवणारी संस्था आहे आणि तिच्या ऑनलाइन सभांना कुठूनही बसता येते. परिणामांबद्दलचा सर्वांत भक्कम आढावा 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. 27 अभ्यास आणि 10,565 सहभागी त्यात होते. सलग न पिता राहण्याच्या बाबतीत, ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार बोधनिक वर्तनोपचारासारख्या मान्य पद्धतींहून सरस ठरले. संशोधक जॉन केली आणि सहकाऱ्यांनी हे कशामुळे घडते याचाही शोध घेतला. अनेकांच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा पिणारी संगत सुटून न पिणारी संगत लागण्याचा आणि अवघड प्रसंग निभावता येतील या भरवशाचा निघाला. व्यसन जास्त तीव्र असलेल्यांत आध्यात्मिक बदलाचाही वाटा दिसला. संतांनी सत्संगाला साधनेत जे स्थान दिले ते आठवले, तर यात नवल वाटू नये.

युंग यांनी मृत्यूपूर्वी काही महिने, जानेवारी 1961 मध्ये, विल्सनच्या पत्राला उत्तर लिहिले. हॅझर्डची दारूची तहान ही खालच्या पातळीवर पूर्णत्वाची, ईश्वराशी एक होण्याची तहान होती, असे त्यांचे मत त्यात आहे. हे सर्वांना लागू करणे धोक्याचे ठरेल. पुष्कळ माणसे परमार्थाच्या ओढीने मुळीच पीत नाहीत. ढोरमेहनतीने ठणकणारे अंग शांत व्हावे म्हणून, बेकारीत वेळ जावा म्हणून, चारचौघांत मान राहावा म्हणून पितात. त्यांच्या दुःखाला आध्यात्मिक तहान म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांच्या परिस्थितीकडे पाठ फिरवणे. तरीही दारू सुटल्यावर मागे एक पोकळी उरते, ही गोष्ट बहुतेक सगळे सांगतात. संध्याकाळी सात वाजता काय करायचे, हा प्रश्न ऐकायला साधा आहे, पण पुष्कळ जण तिथेच घसरतात. अकरावी पायरी त्या पोकळीसाठी प्रार्थना आणि ध्यान सुचवते, बारावी दुसऱ्या दारूड्याकडे पाठवते. सात वाजता सभा असणे हे तर दोहोंच्याही आधीचे उत्तर आहे.

निनावीपणाची परंपराही याच विचारातून येते. बदनामीपासून संरक्षण हे तिचे पहिले काम. लहान गावात ते फार महत्त्वाचे आहे. पण बाराव्या परंपरेने तिला अध्यात्माचा पाया म्हटले, कारण व्यक्तीपेक्षा तत्त्व पुढे राहावे. 1954 मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली मानद पदवी विल्सनने नाकारली ती यासाठीच. गटात गुरू नाही, गादी नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही; थैलीतल्या पैशांवर खोलीचे भाडे आणि चहा भागतो. व्यसनमुक्तीच्या नावाखाली बाबा-बुवांचे दरबार भरतात त्या प्रदेशात ही शिस्त नवख्याला एक कसोटी देते. जिथे चमत्काराची हमी, मोठी फी किंवा एका माणसाचा जयजयकार आढळेल, तिथून उठून यावे. सारेच गट सारखे नसतात. एखाद्यात भजनी वळण जास्त असते, एखाद्यात जुन्या सदस्यांची दादागिरी. म्हणून एका सभेवरून ठरवू नये. निरनिराळ्या वस्त्यांतल्या चार-सहा सभांना बसून पाहावे. बाईला सगळ्या पुरुषांत अवघडल्यासारखे होत असेल तर तिने स्त्रियांची सभा आहे का, हे विचारावे; मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन अशा सभा असतात.

घसरणे हा या वाटेचा भाग आहे आणि धर्मदृष्टीची खरी परीक्षा तिथे होते. जो माणूस पुन्हा प्यायला त्याला ए.ए.मध्ये ‘स्लिप झाला’ म्हणतात. त्याची मोजलेली वर्षे जातात आणि दिवसांची गणती एकपासून सुरू होते. सदस्यत्व जात नाही, कारण ते इच्छेवर आधारलेले आहे आणि परत आलेल्याने ती इच्छा दाखवलेलीच असते. त्याला प्रायश्चित्त सांगितले जात नाही. काय झाले ते त्याने बोलायचे असते, आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते, कारण ती माहिती त्यांच्याही उपयोगाची असते: पहिला घोट कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणता विचार मनात असताना घेतला गेला. मागच्या बाकावर त्या दिवशी कोणी नवखा बसलेला असेल, तर त्याच्याशी सभेनंतर बोलण्याचे कामही काही वेळा याच माणसाकडे दिले जाते.